क्रांतिकारकांच्या जागा : तुम्ही कुठे गेलात, काय लक्षात राहिलं?

काल फोनमधले जुने फोटो उडवताना अंदमानचे सापडले. सेल्युलर जेलमधला कोलू, बेड्या, फाशीघर वाचून माहीत होतं. डोक्यात बसली ती कडी. कोठडीच्या दाराची कडी दारावर नाहीच, बाजूला भिंतीतल्या खोबणीत. आतून गजांतून हात कितीही ताणा, पोचत नाही. आमच्यातल्या प्रत्येकाने ताणून पाहिला. तुमचंही लिहा.

— कडीला +१. आणि सातपैकी तीनच इमारती उरल्यात. एकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोर माणूस दिसायलाच नको. डोकं बघा कसं चालवलंय मेल्यांनी.

— लाइट अँड साउंडला पोरगा झोपला आणि नवरा रडला. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

— हुसैनीवाला! पंजाबात, भगतसिंग-राजगुरू-सुखदेवांची समाधी. फाळणीत ही जागा पाकिस्तानात गेली होती, १९६१ मध्ये बारा गावं देऊन परत घेतली. असेंब्लीत भगतसिंगांसोबत बॉम्ब टाकणारे बटुकेश्वर दत्तही तिथेच. १९६५ साली वारले, शेवटची इच्छा मित्रांशेजारी जाळा अशी. संध्याकाळी बॉर्डरची परेड असते, सगळी झुंबड तिकडे. समाधीपाशी आम्ही आणि एक आजोबा, बास.

— जालियनवाला २०२१ च्या आधी पाहिली की नंतर? ती गल्ली आधी अंगावर यायची. आता भिंतींवर शिल्पं, लोक त्यांच्यासोबत सेल्फी काढतात. गोळ्यांच्या खुणांशेजारी एकाने बोटांची व्ही केलेली. मी काही बोललो नाही, बायको बोलली. भरपूर बोलली.

— वहिनींना दंडवत _/\_

— लांब कशाला जाताय, शिरढोणला जा. पनवेलच्या पुढे, गोवा हायवेलाच. वासुदेव बळवंतांचा वाडा. सगळे मिसळ खायला थांबतील, इथे नाही.

— मिसळ कुठली पण?

— भीमाशंकरला जाताना राजगुरुनगरचा राजगुरूंचा वाडाही करा, भीमेच्या काठावर आहे. २३ मार्चला, शहीद दिनाला, टाळा किंवा मुद्दाम त्याच दिवशी जा, स्वभावाप्रमाणे.

— प्रयागराजला आझादांचं पिस्तूल पार्कात शोधू नका हो, ते तिथल्या म्युझियममध्ये आहे. आम्ही उन्हात गोल गोल.

— अंदमानवाले, सासूबाईंना बोट लागते. हॅवलॉकला न्यावं का?

— न्या की. गोळी आधी द्या आणि पोट रिकामं नको.

— कुकरवाली परत आली. नवरा म्हणतो तो रडला नव्हता, डोळ्यात किडा गेला होता.