जस्टिस होम्सना थोर म्हणायचं का? माझं मत: नाही

साधा_वाचक:
अमेरिकन सुप्रीम कोर्टात १९०२ ते १९३२ जज असलेले ऑलिव्हर वेंडेल होम्स. त्यांची वाक्यं वकील लोक अजून फेकतात पण मला त्यांचं नाव निघालं की कॅरी बक आठवते. व्हर्जिनियातली गरीब पोरगी, जिथे सांभाळायला ठेवली त्याच घरच्या नातेवाइकाने बलात्कार केला, दिवस गेले, तर तिलाच मतिमंद ठरवून संस्थेत टाकलं. १९२७ मध्ये तिच्या सक्तीच्या नसबंदीला होम्सनी मंजुरी दिली आणि वर लिहिलं, मूढांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या. तिसरी पिढी म्हणजे तिची तान्ही लेक! ती पुढे शाळेत हुशार मुलांच्या यादीत आली, आठव्या वर्षी वारली बिचारी.

पिंपळपान:
तो निकाल वाईटच, वाद नाही. पण ८ विरुद्ध १ होता, ब्रँडाइससारखा पुरोगामी समजला जाणारा जजही त्या आठांत होता, मग राग एकट्या होम्सवर का? १९०५ ला बेकरी कामगारांना आठवड्याला ६० तासांच्या वर राबवू नका म्हणणारा न्यूयॉर्कचा कायदा कोर्टाने उडवला तेव्हा त्या निकालाच्या विरोधात कोण लिहीत होतं? होम्सच. आणि १९१९ चा अब्राम्स खटला, सरकारविरोधी पत्रकं वाटली म्हणून २० वर्षांची सजा, कोर्टाने ती कायम केली, तिथेही विरोधी मत देताना होम्सच म्हणाले की विचारांना विचारांशी भिडू द्या, त्यातूनच खरं काय ते ठरेल.

साधा_वाचक:
त्याच १९१९ मध्ये आधी समाजवादी नेते युजीन डेब्स यांची युद्धविरोधी भाषणासाठीची १० वर्षांची शिक्षा कायम केली तीही होम्सनीच की.

उंबरठा:
मला दोघांचं अर्धंअर्धं पटतंय. होम्सचं सूत्र एकच होतं, बहुमताने कायदा केलाय ना, मग जजने मधे पडू नये. बेकरीवाल्यांच्या केसमध्ये ते गरिबाच्या बाजूने पडलं, कॅरीच्या वेळी तिच्याच अंगावर आलं. १९०३ ला अलाबामातले काळे लोक, आपली नावं मतदार यादीत घातली जात नाहीत म्हणून कोर्टात आले तर होम्सनी लिहिलं की यावर उपाय राजकारणातूनच मिळेल. अहो, मतच नाही त्यांना, ते कुठलं राजकारण करणार?

पिंपळपान:
हा मुद्दा लागला. तरी आज तिथे सरकारविरुद्ध बोलता येतं त्यामागे अब्राम्समधलं ते मत आहे, ते मी सोडणार नाही.

साधा_वाचक:
नका सोडू. पण कॅरीच्या बहिणीला तर अपेंडिक्सचं ऑपरेशन सांगून नसबंदी केली होती, आणि मूल का होत नाही हे तिला म्हातारपणी कळलं.