मदत हवी आहे: साकुराजिमावरची गाडलेली तोरी, आई-बाबांना घेऊन कसं जावं?

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरअखेरीस आई-बाबांना घेऊन जपानला, क्यूशूला जातोय. कागोशिमात दोन मुक्काम आहेत. कुरोकामी गावातली तोरी, म्हणजे शिंतो देवळाची कमान, मला काहीही करून त्यांना दाखवायची आहे. जानेवारी १९१४ मध्ये साकुराजिमा ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला, तेव्हा तीन मीटर उंच कमान राखेत आणि दगडांत गाडली गेली. आज वरचा जेमतेम मीटरभर भाग दिसतो. जिच्याखालून माणसं चालत देवाला जायची, ती आडवी तुळई फोटोत कमरेशी आलेली दिसते. गावकरी ती खणून काढणार होते, पण पुढच्या पिढ्यांना आठवण राहावी म्हणून तशीच ठेवली. हे वाचल्यापासून आईच्या डोक्यातून ती जात नाहीये.

फेरीबोटीची काळजी नाही, कागोशिमाहून पंधरा मिनिटांत साकुराजिमाला. पण कुरोकामी साकुराजिमाच्या पूर्वेला आहे आणि पर्यटकांची बस पश्चिमेकडेच फिरते. तिकडे जाणाऱ्या बस फार कमी आहेत म्हणे. कोणी टॅक्सी ठरवली होती का? साधारण किती घेतात? की आंतरराष्ट्रीय परवान्यावर गाडी भाड्याने घेणं बरं?

दुसरं, बाबांना दमा आहे. हिवाळ्यात वारा राख पूर्वेकडेच नेतो, म्हणून धाकधूक वाटते. साधा मास्क पुरतो का? आईचे गुडघे दुखतात, रस्त्यापासून किती चालावं लागतं तेही सांगा.

जाऊन आलेल्यांनी कृपया लिहा, तिकिटं याच आठवड्यात काढायची आहेत.