राजवाड्याच्या रंगांची थीम : शीर्षकपट्टीत मात्रा कापल्या जातात

प्रश्न (इंदूर):
आमच्या इंदूरच्या राजवाड्याच्या खालच्या तीन दगडी मजल्यांचा करडा आणि वरच्या चार लाकडी मजल्यांचा तपकिरी रंग घेऊन मी एक्सएफसीई या लिनक्सवरील डेस्कटॉपसाठी थीम (रंगरूपाचा संच) तयार करीत आहे. मात्र पडद्यावरील एखाद्या विंडोचे शीर्षकपट्टीतील नाव मराठीत असले की वेलांट्या वरून कापल्या जातात आणि सीएसएसमध्ये (रंगरूपाचे नियम लिहिण्याच्या भाषेत) उंची वाढवूनही फरक पडत नाही. काय करावे?

उत्तर (ग्वाल्हेर):
आपण बदलत असलेली सीएसएस जीटीकेची, म्हणजे प्रोग्रॅमची बटणे-मेनू पुरविणाऱ्या संचाची, असून ती बटणे आणि मेनू रंगविते; शीर्षकपट्टी मात्र एक्सएफडब्ल्यूएम४ हा एक्सएफसीईचा विंडो-व्यवस्थापक रेखाटतो आणि तिची उंची थीमच्या फोल्डरमधील चित्रांवरून ठरते. ती चित्रे, बटणांच्या चित्रांसह, काही पिक्सेलनी उंच करावीत. रोमन अक्षरांवर मापे बेतणाऱ्यांना शिरोरेषेच्या वरचे जग आठवतच नाही!

उत्तर (बडोदा):
करड्यावर तपकिरी अक्षरे मला धोक्याची वाटतात. डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुरासाठी अक्षरे व पार्श्वभूमी यांत किमान ४.५:१ एवढा रंगविरोध (उजळपणाचे गुणोत्तर) हवा. तपकिरी रंग पट्टीला द्यावा आणि अक्षरे फिकट ठेवावीत.

प्रश्नकर्ता:
चित्रे उंच केल्यावर वेलांट्या पूर्ण दिसू लागल्या. अक्षरांसाठी आता फिकट पिवळसर रंग घेतला आहे.