मदत हवी आहे : उभ्या व्हॅक्यूम क्लीनरचा बेल्ट सारखा तुटतो, मूळ दोष कुठे शोधू?

नमस्कार मंडळी,

घरात उभ्या दांड्याचा व्हॅक्यूम क्लीनर आहे. मोटर, धुळीची पिशवी आणि तळाचा फिरता ब्रश हे सगळं एकाच अंगात. ओढ, म्हणजे हवेबरोबर धूळ खेचायची ताकद, उत्तम आहे आणि मोटरचा आवाजही बदललेला नाही. पण नवा बेल्ट घातला की काही काळ ब्रश झकास फिरतो, पुढे गालिच्यावर टेकवताच मंदावू लागतो, मग जळक्या रबराचा वास येतो आणि शेवटी बेल्ट तुटतो. ज्यांना विचारावं ते एकच सांगतात, नवा बेल्ट टाका. मला हे पटत नाही. चांगला बेल्ट असा पुन्हा पुन्हा जातो तेव्हा त्याला कोणीतरी मारत असतं. ते कोण, हे शोधायला मदत हवी आहे.

आतली रचना सांगतो. मोटरचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, पंख्यातून पुढे बाहेर येतो. त्यावर चपटा रबरी बेल्ट चढतो आणि तोच ब्रशच्या मधल्या खोबणीत जातो. शाफ्टची दिशा मागून पुढे आणि ब्रश आडवा, त्यामुळे बेल्टला वाटेत पाव पीळ पडतो. ताण देणारी वेगळी चाकी किंवा स्प्रिंग नाही, रबराचा स्वतःचा ताण हाच सगळा आधार. ब्रश म्हणजे लाकडी रोलर, त्यावर नागमोडी ओळीत केसांचे झुपके, दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या टोप्या आणि टोप्यांच्या आत रोलर मोकळा फिरू देणारं बेअरिंग.

प्लग काढून, बेल्ट उतरवून ब्रश हाताने फिरवला. उजवं टोक मोकळं आहे, डावं खरखरतं आणि मध्येच अडतं. डाव्या टोपीभोवती लांब केस आणि दोरे इतके घट्ट बसले होते की ब्लेडने कापून काढावे लागले. टोपीची आतली कड किंचित वितळल्यासारखी दिसते. केस काढले तरी खरखर कमी झाली नाही. तुटलेला बेल्ट नीट पाहिला तर तो सगळीकडून सारखा झिजलेला नाही. एकाच जागी, आतल्या बाजूने, चकचकीत आणि पातळ झाला आहे. ब्रशच्या तोंडावर आडवं सपाट कार्ड धरलं तर झुपके त्याला जेमतेम शिवतात, म्हणजे तेही संपत आले आहेत.

हे सगळं इतकं खोदून विचारतोय कारण गालिच्यासाठी फिरता ब्रश ही चैन नाही. नुसत्या ओढीने वरची धूळ निघते. तंतूंच्या बुडाशी बसलेली बारीक वाळू तशीच राहते आणि चालताना तीच तंतू कापत राहते. ती हलवायला झुपकेच लागतात. जेम्स मरे स्पँग्लर हा अमेरिकेतल्या ओहायोमधल्या कँटन गावी एका दुकानात साफसफाईचं काम करायचा आणि त्याला दम्याचा त्रास होता. १९०८ साली त्याला ज्या यंत्राचं पेटंट मिळालं, त्यात ओढणाऱ्या पंख्याबरोबर फिरता ब्रशही होता. त्याचे हक्क पुढे हूव्हर कुटुंबाकडे गेले आणि १९२६ मध्ये त्यांच्या हूव्हर कंपनीने रोलरवर गालिचा ठोकणाऱ्या पट्ट्याही बसवल्या. मूळ कल्पना तेव्हापासून फारशी बदललेली नाही, म्हणून तिचे दुखरे सांधेही जाणकारांना पाठ असतील असं वाटतं.

तर बेअरिंग तेवढं बदलावं की अख्खा रोलर? बेअरिंगमध्ये तेल घालून काही साधेल का? आणि पुढे कधी नवं यंत्र घ्यायची वेळ आलीच, तर चपटा बेल्ट, दातेरी बेल्ट आणि ब्रशला वेगळी मोटर यांत टिकाऊ काय?

प्रतिसाद :

तुमच्या बेल्टवरची ती एकच चकचकीत जागा फार मोलाची खूण आहे. ब्रश फिरत असताना बेल्ट थोडा थोडा घसरत असता, तर तो सगळ्या लांबीभर झिजला असता. एकाच जागी भाजलाय, याचा अर्थ ब्रश पूर्ण थांबला होता आणि बेल्टही जागच्या जागी उभा होता. फिरत होता तो फक्त मोटरचा शाफ्ट, बेल्टच्या त्याच तुकड्यावर घासत. म्हणजे ब्रश अडतो हे नक्की, आणि तुमच्याच वर्णनावरून तो डाव्या टोकाला अडतो.

खात्रीसाठी बेल्ट न लावता यंत्र थोडा वेळ चालवून बघा. वास आणि खरखर नसेल तर मोटरची बाजू सुटली. मग बेल्ट लावून मिनिटभर चालवा, प्लग काढा आणि दोन्ही टोप्यांना हात लावा. एक टोपी दुसरीपेक्षा स्पष्ट गरम लागली की चोर सापडला.

तेल घालू नका. बंद बेअरिंगमध्ये ते आत जात नाही, आणि साध्या बुशात (बेअरिंगच्या जागी बसवलेल्या नुसत्या नळीत) गेलं तर धूळ धरून त्याचा लगदा होतो. शिवाय तेल उडून बेल्टवर गेलं तर रबर फुगतं आणि आणखी घसरतं.

टोपी वितळली असेल तर नुसतं बेअरिंग बदलून भागणार नाही. त्याची बैठक गोल राहिलेली नसते, नवं बेअरिंग तिरकं बसतं आणि तेही लवकर जातं. तुमचे झुपकेही संपलेत, तेव्हा अख्खा रोलरच घ्या. नवा बेल्ट चढवण्याआधी शाफ्टवर चिकटलेलं जळकं रबर मात्र पूर्ण खरवडून काढा. बरेच जण हे सोडून देतात. त्या पापुद्र्यामुळे शाफ्टचा घेर कमीजास्त होतो, आणि चपट्या बेल्टची सवय अशी की तो जास्त घेराकडे सरकतो. मग बेल्ट कडेला जाऊन घासतो.

एक विचारायचं राहिलं. ब्रशची उंची कुठे ठेवता? जाड गालिच्यावर ब्रश फार खाली असेल तर बेअरिंग ठणठणीत असूनही तो दमतो.

प्रतिसाद :

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर बोलतो, कारण त्यात गैरसमज फार आहेत.

दातेरी बेल्ट घसरत नाही, त्याला ताणून बसवावं लागत नाही आणि तो चपट्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. हे खरं आहे. पण तो घसरत नाही म्हणूनच प्रश्न उभा राहतो. गालिच्याची झालर ब्रशमध्ये अडकली की चपटा बेल्ट घसरतो, जळतो आणि बाकी सगळं वाचतं. दातेरी बेल्टमध्ये तोच झटका थेट दात्यांवर, टोपीवर किंवा मोटरवर जातो. म्हणून दातेरी बेल्टच्या चांगल्या यंत्रात ब्रश अडला की सुटणारा क्लच असतो, नाहीतर भार वाढताच मोटर बंद करणारी सोय असते. या दोन्हींपैकी काहीच नसेल तर नुसते दाते पाहून भुलू नये. चपटा बेल्ट हा त्या यंत्राचा फ्यूज आहे. तो वारंवार जातो तेव्हा फ्यूजला दोष देण्यात अर्थ नाही, हे तुम्ही बरोबर ओळखलंत.

वेगळ्या मोटरचा मोठा फायदा म्हणजे फरशीवर ब्रश बंद ठेवता येतो आणि ओढ चालू राहते. पण ती मोटर लहान असते. तिला वीज पुरवणाऱ्या तारा दांडा आणि तळाचा भाग जोडणाऱ्या मानेच्या सांध्यातून जातात, त्या सतत वाकून आतल्या आत तुटतात. ब्रश थांबून थांबून चालू लागला की लोक मोटरच बदलतात, आणि दोष तारेत असतो. आणखी एक, अशा मोटरपासून ब्रशपर्यंत बऱ्याचदा एक छोटा दातेरी बेल्ट असतोच.

माझं मत विचाराल तर तिन्हींतलं कुठलं यापेक्षा मी तीन वेगळ्या गोष्टी बघेन. रोलर हत्याराशिवाय बाहेर निघतो का, बेअरिंग केसांच्या वाटेपासून झाकलेलं आहे का, आणि टोप्या, रोलर, बेल्ट सुटे मिळतात का. केस शेवटी टोकांकडेच सरकतात, रोलरवर कितीही कंगवे लावा.

धागाकर्ता :

दोघांचेही मनापासून आभार. उंची मधल्या खाचेवर आहे आणि गालिचा फार जाड नाही, त्यामुळे ते कारण नसावं. बेल्टशिवाय चालवून पाहिलं, वासही नाही आणि खरखरही नाही. बेल्ट लावल्यावर डावी टोपी चांगलीच तापली, उजवी जेमतेम कोमट. एकाच जागी भाजण्याचा अर्थ कळला, याचं खरंच समाधान वाटलं. अख्खा रोलर आणि बेल्ट दोन्ही बदलतो.

एक शंका उरली आहे. टोपी ज्या खाचेत बसते, तिथलं प्लास्टिकही डाव्या बाजूला थोडं काळवंडलंय. टोपी त्या खाचेत घट्ट राहायला हवी आणि फक्त रोलर फिरायला हवा, बरोबर? खाच सैल झाली असेल तर ते कसं ओळखू?

प्रतिसाद :

बरोबर. टोपीची एक बाजू सपाट असते ती त्यासाठीच. नवा रोलर बसवल्यावर टोपी आणि खाच यांच्यावरून पेनाने एक सरळ रेघ ओढा. गालिच्यावर नेहमीसारखं काम करा, मग प्लग काढून तळ उघडा. रेघ सलग असेल तर खाच चांगली आहे. रेघेचे दोन तुकडे पुढेमागे झाले असतील तर टोपी खाचेत फिरतेय, आणि मग ब्रशचं अख्खं तोंड, म्हणजे रोलर ज्यात बसतो तो तळाचा भाग, बदलल्याशिवाय नवी टोपीही वितळेल. काळवंडणं नुसतं वरवरचं असेल तर काळजी नको, सपाट कडा शाबूत आहे का तेवढं बघा.