अनवट : राग, दागिना की खायची वस्तू?

गल्लीतला भोंगा

मंडळी, 'अनवट' या शब्दाबद्दल जरा बोला. कारण सांगतो, थोडं लांबण लागेल.

माझा रूममेट धारवाडचा. दोघंही चाळिशीकडं झुकलेले, नोकरीपायी पुण्यात एका फ्लॅटमध्ये, बायकापोरं आपापल्या गावी. मी कोल्हापूरचा, म्हणजे गाणं म्हटलं की गणपतीतली सिस्टिम आणि चुरमुरे म्हटलं की भडंग नाहीतर भेळ, विषय संपला. श्रावणातल्या एका रविवारी लाईट गेली तर ह्या गड्यानं फोन स्टीलच्या पातेल्यात उभा केला, आवाज घुमतो म्हणून, आणि लावले मल्लिकार्जुन मन्सूर. मी म्हटलं हे काय रे, म्हातारं कुणावर तरी चिडल्यासारखं गातंय. तो काही बोलला नाही. कढईत तेल, मोहरी, कांदा, हिरवी मिरची, हळद, मग चिंचेचा कोळ आणि गूळ, ते रटरटून दाट झालं की गॅस बंद. ह्याला ते लोक गोज्जु म्हणतात. गार झाल्यावर त्यात चुरमुरे, कच्चा कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, पुटाण्याची पूड म्हणजे आपल्या डाळ्याची, वरनं शेव. सोबत मिरचीभजी. हे गिरमिट. पहिला घास घेतला आणि मी गप्प झालो, आणि मी गप्प झालो म्हणून ते गाणं ऐकू यायला लागलं, असा सगळा प्रकार.

मालकंस तेवढा मला ओळखू येतो, शाळेत दोन वर्षं पेटी शिकलोय. हा मालकंसच वाटत होता पण मधेच रिषभ, मधेच पंचम, जे सूर मालकंसात लागतच नाहीत. म्हटलं बुवा चुकले. गडी हसून हसून लाल. म्हणाला संपूर्ण मालकंस आहे तो, त्यात दोन्ही लागतात. मग रात्री दोनपर्यंत एकेक ऐकवत बसला. मी म्हटलं काय अनवट राग आणि काय अनवट खाणं लेका! तर म्हणतो, "अनवट तुला. आमच्याकडं दोन्ही रोजचंच आहे की."

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. अनवट म्हणजे नक्की काय, दुर्मिळ, अवघड, की नुसतं आपल्याला माहीत नसलेलं? आणि खाण्याला अनवट म्हटलेलं चालतं का?

जोडवी

अहो आमच्या घरी अनवट म्हणजे दागिना! पायाच्या अंगठ्यात घालायचं चांदीचं जाड वळं. आजीच्या डब्यात जोडवी, मासोळ्या, अनवट असा सगळा पायाचा संसार होता. लहान असताना रेडिओवर "आता ऐकू या एक अनवट राग" असं ऐकलं की मला वाटायचं रागाच्या पायात काहीतरी घातलंय, म्हणून तो असा जपून जपून चालतो. हसू नका.

पिवळा पीतांबर

ताई, दोन शब्द वेगळे आहेत असं माझं मत. दागिन्याचा अनवट निराळा, त्याला या भांडणात ओढू नका. गाण्यातल्या अनवटची फोड मी अन + वट अशी करतो, वट म्हणजे वाट, ज्या बाजूला फारसं कुणी फिरकत नाही ते. आणि म्हणूनच पेपरात 'अनवट वाटेने जाणारा कलावंत' वगैरे वाचलं की माझं डोकं फिरतं, कारण तो शुद्ध पिवळा पीतांबर आहे (आयडी तिथूनच घेतलाय).

दुर्मिळ आणि अनवट एक नव्हेत. दुर्मिळ म्हणजे शोधून सापडत नाही ते. अनवट राग तिथंच असतो, रेकॉर्डही असते, आपले पाय तिकडं वळत नाहीत एवढंच. अवघड तर मुळीच म्हणू नका, भूप सगळ्यांना सुरुवातीलाच शिकवतात पण तो अवघड नाही असं कुठल्याही गाणाऱ्यासमोर म्हणून बघा. घराण्यातली मंडळी 'अछोप राग' असाही शब्द वापरतात, मला तो जास्त आवडतो पण आता कानावर येत नाही, म्हणजे तो शब्दच अनवट झाला म्हणा. जयपूर-अत्रौली घराणं अशा रागांसाठी नावाजलेलं : शिवमत भैरव, खट, लाचारी तोडी, एक निषाद बिहागडा. या शेवटच्याचं नावच बघा, बिहागड्यात दोन्ही निषाद (कोमल आणि शुद्ध नी) लागतात, हा एकावर भागवतो, म्हणून एक निषाद. नाव नाही, चक्क कृती लिहिलीय.

आणि कोल्हापूरकर, तुम्हाला एक टोमणा मारल्याशिवाय राहवत नाही. ही गायकी ज्यांची ते अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या पदरी होते, तुमच्या कोल्हापुरात. मन्सूर आधी त्यांच्या मुलाकडं, मंजीखाँकडं शिकले, ते १९३७ साली गेल्यावर धाकट्या भुर्जीखाँकडं. म्हणजे तुमच्याच गावातनं गेलेलं गाणं धारवाडच्या माणसानं तुम्हाला पुण्यात पातेल्यातून ऐकवलं.

गल्लीतला भोंगा

लागला टोमणा. वर्मी लागला. इतकी वर्षं त्या गावात काढली आणि ही गोष्ट एक परगावचा माणूस सांगतोय, घरी कुणाला सांगू नका.

लातूरची सून

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, मी चुरमुऱ्यांसाठी आलेय. आधी हे ठरवा की चुरमुरे, कुरमुरे की मुरमुरे. माहेरी मुंबईला कुरमुरे, सासरी मुरमुरे, आणि माझी पुण्याची मैत्रीण चुरमुरे सोडून दुसरं काही म्हटलं की कान पकडते. तिघी एका दुकानात गेलो तर दुकानदारानं तीन पुड्या बांधल्या होत्या, खरंच.

दुसरं म्हणजे, सासरी पहिल्यांदा कळलं की मुरमुरे भिजवून, पिळून, पोह्यासारखे फोडणीला टाकतात आणि त्याला सुशीला म्हणतात. सासूबाई आतून ओरडल्या "सुशीला खाणार का" आणि मी घाबरून नवऱ्याकडे बघितलं. लग्नाला बारा वर्षं झाली, अजून प्रत्येक कार्यात हा किस्सा निघतो. तर उत्तर कर्नाटकात याच पदार्थाला सुसला म्हणतात हे मला मागच्या वर्षी हुबळीच्या ऑफिसमैत्रिणीच्या डब्यातून कळलं. सुसलाची आपण सुशीला केली की सुशीलाचा त्यांनी सुसला केला ते जाणकारांनी सांगावं, मला आपलं वाटतं अनोळखी शब्दाला ओळखीच्या बाईचं नाव देऊन टाकायची आपली खोड असणार. आणि हो, खाण्याला अनवट बिलकूल म्हणू नका. मेनूकार्डावर 'अनवट चवी' लिहिलं की त्या पानावरची किंमत दुप्पट असते.

सुताराचा नातू

कुणी गिरमिटाबद्दल बोलेना म्हणून बोलतो. आमच्या आजोबांच्या पेटीत गिरमिट होतं, लाकडाला भोक पाडायचं, वर आडवी मूठ, हातानं पिळत जायचं. इंग्रजी गिमलेटचं मराठी झालेलं रूप. घरात कुणी एकच गोष्ट दहादा सांगायला लागलं की आजोबा म्हणायचे, "काढ ते गिरमिट डोक्यातनं." त्यामुळं भोंगाभाऊ, तुमच्या पोस्टमध्ये 'हे गिरमिट' वाचलं आणि मला आधी शेवेत लाकडाचा भुसा दिसला.

तिसरं गिरमिट आहे ते अ‍ॅग्रीमेंटचं. करारावर अंगठा उठवून जे मजूर फिजी, मॉरिशस, नाताळला गेले ते गिरमिटिये. फिजीला पहिलं जहाज १८७९ साली पोचलं. तिथं गिरमिट हा शब्द त्या सगळ्या काळासाठीच वापरतात. आता एक अवजार, एक करार आणि एक चटकदार खाणं, तिघांची गाठ मारून व्हॉट्सअ‍ॅपवर व्युत्पत्ती फिरवायचा मोह होईल कुणालातरी, तर कृपा करून आवरा.

पिवळा पीतांबर

अनुमोदन. बाकी सूनबाईंशी असहमत. खाण्याला अनवट म्हणायला हरकत नाही, फक्त कुणासाठी ते सांगावं. भोंगाभाऊंच्या मित्राचं 'अनवट तुला' हे वाक्य व्याकरणाच्या पुस्तकात चतुर्थीचं उदाहरण म्हणून घालण्यासारखं आहे.

गल्लीतला भोंगा

काल त्याला सगळा धागा वाचून दाखवला. मराठी त्याला कळतं, वाचायचा कंटाळा करतो. चतुर्थी वगैरेवर काही बोलला नाही, सुशीलावर खूप हसला, गिरमिट शब्द कुठनं आला विचारलं तर म्हणाला आमची मावशी म्हणते गिरगिर फिरवून कालवतात म्हणून, पण मावशी कशाचंही कारण सांगते. मग मी त्याला भडंग करून घातलं, लसूण आणि शेंगदाणे मोकळ्या हातानं, आणि वर छाती फुगवून अल्लादियाखाँ आमच्याच गावचे म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "माहितीय. वाट बघत होतो तुला कधी कळतंय." भडंग मात्र त्यानं खरंच पहिल्यांदा खाल्लं, आणि अर्धं पातेलं संपवलं, त्यामुळं फोन ठेवायला जागा झाली.

एक दुरुस्ती त्यानं आवर्जून लिहायला सांगितलीय. गिरमिटात पुटाण्याची पूड अगदी शेवटी, खायला बसताना घालायची, नाहीतर गोज्जुचं पाणी ओढून लगदा होतो. माझ्या पोस्टमधला क्रम चुकलाय.