मदत हवी आहे: मोठ्या अक्षरातलं मराठी तेहिलीम कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. ठाण्यात आमच्या शेजारी बेने इस्राएली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, काकू राहतात. काका गेल्यापासून त्या रोज सकाळी तेहिलीम वाचतात, म्हणजे दावीदाची स्तोत्रं. एकूण १५० स्तोत्रं, महिन्याच्या तीस दिवसांत वाटून वाचायची. हिब्रू अक्षरं त्यांना येतात, पण मनाला धीर मिळतो तो मराठीतूनच. त्यांची जुनी प्रत पार झिजलीय आणि आता बारीक टाईप दिसतही नाही.

दुकानातून ख्रिस्ती बायबलची स्तोत्रसंहिता आणून दिली. मजकूर तोच, पण काकूंचं समाधान होईना. हिब्रूत बऱ्याच स्तोत्रांचं शीर्षक हेच पहिलं वचन धरतात, त्यामुळे पुढचे आकडे जुळत नाहीत. शिवाय ११९ वं स्तोत्र हिब्रूच्या २२ अक्षरांवर रचलेलं, प्रत्येक अक्षराची आठ वचनं. वर्षश्राद्धाला गेलेल्या माणसाच्या नावातल्या अक्षरांप्रमाणे ती वाचतात. आणलेल्या प्रतीत अक्षरंच नाहीत, मग शोधायचं कसं?

पुण्यात १८७४ साली मराठी भाषांतरासह हगादा (ज्यूंच्या वल्हांडण सणाला वाचायचं पुस्तक) छापला गेला होता, तेव्हा तेहिलीमही कुणीतरी नीट छापलं असणारच, असं आपलं मला वाटतं.

मुंबई, अलिबाग, पेण किंवा इस्राएलमधल्या कुणाकडे अशी प्रत असेल तर झेरॉक्स मिळेल का? खर्च मी देईन. पीडीएफ असेल तरी चालेल, मोठी करून छापून घेऊ. बेने इस्राएली कीर्तनांची पुस्तकंही चालतील, काकूंना चाली अजून पाठ आहेत. काकांचं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे, त्यामुळे जरा घाई आहे.