मुलीच्या ताब्यासाठी केलेलं दुसरं लग्न : यात फसवणूक कुणाची?

मलप्रभाकाठ :
आमच्या कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मित्राचं प्रकरण त्याला विचारून इथं मांडतोय. नाव-गाव सांगत नाही. त्याची बायको आजारपणात गेली तेव्हा मुलगी जेमतेम चालायला-बोलायला लागली होती. दिवसकार्य झाल्यावर सासू-सासरे "थोडे दिवस आमच्याकडं राहू दे" म्हणून नातीला गडहिंग्लजकडं घेऊन गेले, ते परत पाठवायचं नावच काढेनात. "तू दिवसभर वीटभट्टीवर. घरात बाईमाणूस नाही. पोरीचं कोण बघणार?" एवढंच त्यांचं म्हणणं.

शेवटी कोर्ट. मूल जिथं राहतं तिथल्या कोर्टात अर्ज करावा लागतो, त्यामुळं तारखा महाराष्ट्रात. पहाटेची गाडी धरून बेळगाव, तिथून संकेश्वरवरून पुढं. रेशन कार्डापासून घराच्या उताऱ्यापर्यंत सगळे कागद कन्नडमध्ये, त्यांची भाषांतरं करून घेता घेता तो मेटाकुटीला आला.

अशात निपाणीचं एक स्थळ आलं. घटस्फोटित, शिवणकाम करणारी. पहिल्याच बैठकीत त्यानं सांगितलं, मला माझी मुलगी घरी आणायची आहे, त्यासाठी लग्न करतोय. तीही म्हणाली, भावाच्या घरात मला आता जागा नाही, मला हक्काचं घर पाहिजे. रजिस्टर लग्न झालं. आता गावात कुजबुज, "कोर्टाला दाखवायला बायको आणली."

मला यात लबाडी दिसत नाही. आपल्याकडं नोकरी बघून, जमीन बघून, जातकुळी बघून लग्नं ठरतात, त्यांना कुणी नाटक म्हणत नाही. या दोघांनी निदान मनातलं तोंडावर सांगितलं.

निपाणीची लेक :
दादा, मित्राचं एवढं सविस्तर लिहिलंत आणि त्या बाईचं दोन वाक्यांत उरकलंत. माझी हरकत तिथंच आहे.

समजा, मुलगी घरी आली. तिची वेणी कोण घालणार, तापात उशाशी कोण बसणार? ही. आणि 1956 च्या हिंदू पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक कोण, तर बाप आणि आई. सावत्र आई त्यात येत नाही, असं त्या कलमातच लिहिलंय. उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर जिला हिनं वाढवलं तिच्यावर हिचा कागदोपत्री हक्क शून्य. आणि केस हरली तर? ज्या कामासाठी आणली ते काम झालं नाही म्हणून हिला घरात कोण कसं वागवेल? आमच्या निपाणीत बिड्या वळून पोरं एकटीनं वाढवलेल्या बायका गल्लोगल्ली आहेत. त्यांना कुणी म्हणालं नाही, घरात पुरुष आण, तरच पोरं तुझ्याकडं राहतील.

काळा कोट, बेळगाव :
थोडं कायद्याचं बोलतो, कारण "बाई असल्याशिवाय मूल मिळत नाही" हा समज मला रोज ऐकावा लागतो. आई वारल्यावर हयात बाप हाच नैसर्गिक पालक. आजी-आजोबांची माया कितीही खरी असली तरी त्यांचा हक्क बापाच्या वर नाही. पण हक्क हा शेवटचा शब्द नव्हे. 1890 च्या पालक व पाल्य कायद्यात आणि 1956 च्या कायद्यातही मुलाचं हित आधी.

दोन निकाल बघा. 2019 साली सर्वोच्च न्यायालयानं आई कॅन्सरनं गेलेली लहान मुलगी आईच्या नातेवाइकांकडून बापाकडं दिली. 2008 साली मात्र नातू आजोबांकडंच ठेवला, कारण त्या बापावर बायकोच्या मृत्यूप्रकरणी खटला चालू होता आणि मुलालाही त्याच्याकडं जायचं नव्हतं. म्हणजे न्यायाधीश माणूस बघतात, घर बघतात, मूल कुणाला बिलगतं ते बघतात. लग्नाचा दाखला हा त्यातला एक कागद. उलटतपासणीत "हे लग्न कशासाठी केलं?" असा प्रश्न आला आणि नवरा-बायकोची उत्तरं जुळली नाहीत, तर तोच कागद अंगाशी येतो. मित्राला सांगा, जे बैठकीत बोललात तेच कोर्टात बोला.

संकेश्वरची आजी :
मी त्या सासू-सासऱ्यांच्या बाजूनं बोलणार, कुणीतरी बोललं पाहिजे. पोटची मुलगी गेली त्यांची. तिचे डोळे, तिचं हसणं त्या नातीत बघत ते दिवस ढकलत असतील. आणि जावई वर्षभरात दुसरी बायको घेऊन दारात उभा! त्यांच्या काळजाचं काय होत असेल? सावत्र आईची भीती उगीच नसते हो, मी डोळ्यांनी बघितलंय. मुलगी पाच-सहा वर्षांची होईपर्यंत आजीकडं राहिली तर काय बिघडतं?

मलप्रभाकाठ :
आजी, बिघडतं ते असं, की तोवर मुलीला बाप परका होतो आणि मग कोर्टही म्हणतं, मूल इथं रुळलंय, हलवू नका.

पण तुमच्यासाठी एक प्रसंग सांगतो. कोर्टानं भेटीची परवानगी दिली, त्या पहिल्या भेटीला त्याच्या या नव्या बायकोनं मुलीसाठी परकर-पोलकं शिवून नेलं होतं. माप कुठलं मिळणार? जुन्या फोटोवरून अंदाजानं बेतलेलं. पोर वाढली होती, परकर घोट्याच्या वर चढला. ही कावरीबावरी झाली. मुलीच्या आजीनं परकर हातात घेतला, खालची दुमड उलटून बघितली आणि म्हणाली, "आत चार बोटं कापड सोडलंय हिनं." तिथंच बाकावर बसून पिनेनं दुमड उसवायला लागली. पोर मध्ये उभी, एका बाजूला ही, एका बाजूला आजी. माझा मित्र लांब उभा राहून बघत होता.

तो मला म्हणाला, त्या दिवशी परतीच्या गाडीत मी तिच्याशी पहिल्यांदा केस सोडून दुसरं बोललो. आता तो दिवस मावळायच्या आत भट्टीवरून घरी येतो. ती माहेरी गेली की त्याला चुकल्या-चुकल्यासारखं होतं. हे कोर्टाला दाखवायला चाललंय असं कोण म्हणेल?

निपाणीची लेक :
वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण प्रेम नंतर जुळलं म्हणून आधीचा सौदा बरोबर ठरत नाही. जुळलं नसतं तर ती कुठं गेली असती, एवढंच मला सांगा. तिनं हक्काचं घर मागितलं होतं ना? मग पंचायतीच्या उताऱ्यावर तिचं नाव चढलंय का?

मलप्रभाकाठ :
नाही चढलेलं. केसच्या धावपळीत विषयच निघाला नाही.

काळा कोट, बेळगाव :
मग आता काढा. त्याला निकालाची वाट बघायची गरज नाही. आणि आजीबाईंसाठी : तडजोड करायची असेल तर दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी आजोळी, हे लेखी घालून घ्या. तोंडी ठरलेलं पहिल्या भांडणात मोडतं.

संकेश्वरची आजी :
सुट्टीपुरतं आजोळ मला पटत नाही. पण ज्या बाईनं आत चार बोटं कापड सोडलं, तिच्याकडं मी माझी नात चार दिवस तरी पाठवून बघितली असती.

निपाणीची लेक :
घरावर तिचं नाव चढल्यावर इथं येऊन सांगा. माझं मत बदलायचं की नाही ते तेव्हा बघते.